आकाशांतील थवा आणि गांवांतील मंडळी

शास्त्रपाठ : यिर्मया ८:७, मत्तय ६:२६, इब्री १०:२५



यिर्मया संदेष्ट्यानें आपल्या लोकांस पुष्कळ कठोर शब्द ऐकविले. परंतु वरील वचनांत तो त्यांस कोणा विद्वानाकडे न पाठवितां पांखरांकडे पाठवितो. करकोचा, पारवा, पाकोळी व सारस हीं पांखरें आपली जाण्यायेण्याची वेळ ओळखतात, आणि देवाची प्रजा मात्र देवाचा नेम ओळखीत नाहीं, असा त्या वचनाचा आशय आहे. हा दाखला शोधावयास संदेष्ट्याला दूर जावें लागलें नाहीं. पालेस्तीन देशावरून पांखरांचा मोठा रस्ता जातो. दरवर्षीं वसंत ऋतूंत करकोच्यांचे थवे यार्देनेच्या खोऱ्यावरून उत्तरेकडे जातांना तेथील मेंढक्याच्या पोरासही दिसतात. जें सर्वांच्या डोक्यावरून जात होतें, तेंच देवानें साक्षीस उभें केलें.

तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी ह्या नद्यांच्या कांठीं राहणाऱ्या आपणां खानदेशच्या लोकांसही असा साक्षीदार दिला आहे. श्रावण अर्धा सरला आणि बाजरीचीं कणसें भरूं लागलीं म्हणजे भोरड्या येतात, आणि चैत्रांत पळसाचा बहर ओसरून उन्हें तापलीं म्हणजे निघून जातात. कोणी हिला पळसमैना म्हणतात, कोणी गुलाबी मैना म्हणतात. ही आपल्या साळुंकीच्याच कुळांतली. अंग फिकें गुलाबी, डोकें, मान, पंख व शेपटी काळी चकचकीत, आणि डोक्यावर मागें झुकलेला तुरा. पिलें मात्र पहिल्या वर्षीं मातकट रंगाचीं असतात.

सूर्य मावळतीस टेकला म्हणजे नदीकांठच्या बाभळबनाकडे पाहा. दिवसभर शिवाराशिवारांतून पांगलेल्या भोरड्यांच्या लहान लहान टोळ्या चहूंकडून येऊं लागतात. एक टोळी दुसरीस मिळते, दोन मिळून चार होतात, आणि पाहतां पाहतां हजारोंचा एक थवा होतो. तो थवा एखाद्या मोठ्या कापडासारखा आकाशांत पसरतो, गुंडाळतो, एका अंगावर वळतो, पुन्हा उलगडतो. आणि इतक्या पंखांच्या गर्दींत कोणी कोणावर आपटत नाहीं. मग अंधार पडावयाच्या सुमारास सर्व थवा एकदम बाभळींत उतरतो, कांहीं वेळ मोठी कलकल होते, आणि नंतर सारें शांत होतें. हें दृश्य आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आज त्याच्याकडे शास्त्राच्या उजेडांत पाहूं.

परंतु त्याआधीं एका कठीण प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे. तो प्रश्न टाळून पुढें गेलों, तर शेतकरी बंधु आमचें पुढचें बोलणें ऐकणार नाहींत, आणि त्यांनीं ऐकूं नये हेंच योग्य होईल.

प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें कीं, पांखरें पेरीत नाहींत, कापीत नाहींत, कोठारांत सांठवीत नाहींत, तरी स्वर्गांतील पिता त्यांस खावयास देतो. हें वचन शहरांतील मनुष्यास गोड वाटतें. परंतु ज्याचें तापीकांठीं दोन बिघे काळें रान आहे, ज्यानें पावसाच्या मागल्या ओलीवर दादर पेरली, आणि माघांत जिचें कणीस दुधाळ झालें तोंच ज्याच्यावर भोरड्यांचा थवा उतरला, तो शेतकरी सहज विचारील : "पिता पांखरांस खावयास देतो हें खरें, पण तो माझ्याच शेतांतून कां देतो?" हा प्रश्न अविश्वासाचा आहे असें समजून कोणी त्या बंधूस दटावूं नये. ज्याची वर्षाची भाकर कणसावर लोंबत आहे, त्याचा हा प्रामाणिक प्रश्न आहे.

ह्याचें पहिलें उत्तर असें कीं, प्रभूला हें नुकसान ठाऊक नव्हतें असें नाहीं. ज्या मत्तयाच्या शुभवर्तमानांत आकाशांतील पांखरांचें वचन आहे, त्याच्याच तेराव्या अध्यायांत पेरणाऱ्याचा दाखला आहे. आणि तेथें वाटेवर पडलेलें बीं पांखरांनीं येऊन खाल्लें असें प्रभु स्वतः सांगतो. तो गालीलांतील शेतांच्या बांधावरून चालला होता. तेव्हां पांखरांविषयीं त्याचें वचन हें शेती न जाणणाऱ्याचें बोलणें नव्हे. तसेंच शेत राखूं नका असेंही तो कोठें म्हणत नाहीं. देवानें आदामाला बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं. अब्रामानें देवापुढें यज्ञाचे तुकडे मांडले, तेव्हां त्यांवर झडप घालणाऱ्या पांखरांस तो हांकीत राहिला, असें उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत लिहिलें आहे. आणि त्यामुळें त्याच्या विश्वासास कांहीं उणेपणा आला नाहीं. म्हणून माळ्यावर बसून गोफण फिरविणाऱ्या बंधूनें, किंवा पत्र्याचा डबा वाजवून हाळी देणाऱ्या बहिणीनें, आपण देवावर अविश्वास दाखवितों असें मनांत आणूं नये. राखण करणें हें काम आहे. चिंता करीत जळणें हें दुसरें. प्रभूनें दुसऱ्याची मनाई केली, पहिल्याची नव्हे.

दुसरें उत्तर असें कीं, आपण ह्या पांखराच्या हिशेबाचें एकच पान वाचतों. चैत्रांत खानदेश सोडल्यावर तें कोठें जातें? सिंध व अफगाणिस्तान ओलांडून तें मध्य आशियाच्या मोठ्या गवताळ मैदानांत पोंचतें. कझाकस्तानापासून पूर्व युरोपापर्यंत त्याचें घर आहे. तेथें दगडांच्या ढिगांत व कड्यांच्या कपारींत हजारों जोडपीं एकत्र घरटीं करितात, आणि तीं बहुधा टोळ व नाकतोडे ज्या प्रदेशांत पुष्कळ झाले असतील त्याच प्रदेशांत करितात. पिलांचें पोट टोळांवर भरतें. चीनच्या सिंकियांग प्रांतांत तर १९८० नंतर लोकांनीं ह्याच पांखरासाठीं दगडविटांचीं घरटीं मुद्दाम बांधून दिलीं, कां कीं औषध फवारण्यापेक्षां हें पांखरूं गवताचें रक्षण बरें करितें असें त्यांस दिसून आलें. टोळ काय करितात हें योएल संदेष्ट्याच्या पुस्तकांत वाचावें. आणि आपल्या राज्यांतील लोकांनीं तें सन २०२० च्या मे महिन्यांत डोळ्यांनींही पाहिलें, जेव्हां टोळधाड राजस्थान व मध्यप्रदेश ओलांडून अमरावती व नागपूर जिल्ह्यांत उतरली.

ज्या अरारातच्या डोंगरांत नोहाचें तारूं टेकलें असें शास्त्र सांगतें, त्या अरारातच्या उतारावर संत याकोबाच्या नांवाचा एक झरा आहे. जुन्या काळीं आर्मेनियांतील ख्रिस्ती लोक टोळधाड आली म्हणजे त्या झऱ्याचें पाणी भांड्यांत भरून शेतापर्यंत नेत, कारण त्या पाण्यामागें हीं टोळ खाणारीं पांखरें येतात अशी त्यांची समजूत होती. पाण्यांत असा कांहीं गुण नाहीं हें आपण जाणतों. परंतु जें पांखरूं येऊं नये म्हणून आपण गोफण फिरवितों, तेंच यावें म्हणून दुसऱ्या देशांतील शेतकऱ्यानें कोसच्या कोस पाणी वाहून नेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडेही हें पांखरूं केवळ खावयास येत नाहीं. तें शिवारांतील किडे व अळ्या टिपतें. आणि फाल्गुनांत पळस, पांगारा व सांवर फुललीं म्हणजे फुलांतील मध पितांना डोक्याला पराग माखून एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडास पोंचवितें. तेव्हां एका शेतांतील नुकसान हें ह्या पांखराचें एक पान आहे. सर्व वही पित्याजवळ आहे.

तथापि, बंधूंनो, एवढ्यानें ज्याचें शेत खाल्लें गेलें त्याची कणगी भरत नाहीं. मध्य आशियांतील टोळ कमी झाले हें ऐकून खानदेशांतील विधवेच्या चुलीवर तवा चढत नाहीं. म्हणून तिसरें उत्तर सर्वांत महत्त्वाचें आहे, आणि तें उत्तर आपण स्वतः आहों. पिता पांखरांस खावयास देतो तें कोणाच्या तरी शेतांतूनच देतो. तसाच तो ज्याचें पीक गेलें त्या आपल्या लेंकरासही कोणाच्या तरी शेतांतूनच देऊं इच्छितो. रानांतील मान्ना इस्राएल लोक कनान देशाच्या सीमेवर पोंचल्यावर बंद झाला. त्यानंतर देवानें आपल्या लोकांना एकमेकांच्या हातून पोसलें. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायांत त्यानें आज्ञा केली कीं, शेताच्या कडा कापूं नका आणि पडलेला सरवा वेंचूं नका. तो गरिबाचा व परक्याचा आहे. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत दळणापूर्वीं मूठभर धान्य देवासाठीं वेगळें काढण्याची चाल आहे. ज्या गांवीं ती चालू असेल तेथें ती जपा. ज्या गांवीं बंद पडली असेल तेथें ह्याच हंगामांत पुन्हा सुरू करा, आणि तें धान्य प्रथम त्या घरीं पोंचवा ज्याचें शेत थव्यानें झोडपलें. मग त्या घरचा धनी "पिता माझ्याच शेतांतून कां देतो?" असें विचारील, तर त्याचें उत्तर त्याच्या उंबऱ्यावर टोपलींत ठेविलेलें त्यास सांपडेल. आणि सर्वांचेंच पीक गेलें तर? तर हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट एकत्र बसून वाचा. त्या संदेष्ट्यानें अंजिराचें झाड फुललें नाहीं, शेतांत अन्न नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, असें एक एक मोजून पाहिलें, आणि तरीही देवाच्या ठायीं आनंद करण्याचा निश्चय केला.

आतां थव्याकडे वळूं. त्यापासून शिकण्याजोग्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. भोरडीला कोणी पंचांग वाचून दाखवीत नाहीं, तरी ती येण्याचा महिना चुकत नाहीं. आणि संध्याकाळीं परत फिरण्याचीही तिची वेळ ठरलेली आहे. शेतांत दाणा शिल्लक असला तरी ती अंधार पडेपर्यंत टिपीत बसत नाहीं. ह्याच गोष्टीसाठीं यिर्मयानें लोकांना लाजविलें. पुष्कळ गांवीं संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजते, आणि उपदेशक, त्याची पत्नी व दोनचार म्हातारीं माणसें एवढींच येऊन बसतात. बाकीचे कोठें आहेत? कोणी शेतांत आहे, आणि त्याचें कारण खरें आहे. पण कोणी पारावर आहे, कोणी हातांतील मोबाइलकडे पाहत ओट्यावर आहे, आणि कोणी हातभट्टीच्या वाटेवर आहे. इब्री मंडळ्यांस लिहिणाऱ्यानें एकत्र मिळणें सोडूं नका असें सांगितलें, आणि त्याच वेळीं कित्येकांची तें सोडण्याची चालच पडली आहे असेंही लिहिलें. चाल पडते ती एका दिवसांत पडत नाहीं. आज एक संध्याकाळ, उद्यां दुसरी, आणि मग मनुष्यास आपण थव्याबाहेर आहों हेंही आठवत नाहीं.

थवा कां जमतो हें पाहिलें म्हणजे ह्याचा धोका कळतो. संध्याकाळीं बहिरी ससाणा आकाशांत फिरत असतो. तो दाट थव्याच्या मध्यभागीं शिरावयास कचरतो. हजारों पंखांत एकावर नजर धरणें त्यास कठीण जातें. परंतु एखादें पांखरूं मागें राहिलें किंवा बाजूला फुटलें कीं तो त्याच्यावर तुटून पडतो. आपल्या शत्रूचीही हीच रीत आहे. मूल आजारी पडलें, सावकाराचा तगादा आला, लग्नांत भावकीशीं तंटा झाला, अशा वेळीं जो मंडळींत आहे त्याच्याभोंवतीं दहा माणसें प्रार्थनेला, पैशाला व दवाखान्यांत सोबतीला उभीं राहतात. जो एकटा पडला, तो भीतीनें जुन्या गंड्यादोऱ्याकडे परततो किंवा दारूच्या पेल्यांत दुःख बुडवूं पाहतो. तो दुष्ट होता म्हणून पडला असें नाहीं. तो एकटा होता म्हणून पडला.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. एवढा थवा एकदम वळतो, तेव्हां त्यांत कोणी पुढारी हुकूम देत असेल असें आपणांस वाटतें. परंतु तसा पुढारी त्यांत नसतो. इटली देशांतील रोम शहरांत हिवाळ्यांत भोरडीच्याच कुळांतील दुसऱ्या एका मैनेचे मोठे थवे रात्रीं वस्तीस येतात. तेथील विद्वानांनीं अनेक कॅमेऱ्यांनीं त्यांचीं चित्रें घेऊन प्रत्येक पांखराची जागा मोजली, आणि आपला शोध २००८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, प्रत्येक पांखरूं सर्व थव्याकडे पाहत नाहीं. तें आपल्या सर्वांत जवळच्या सहासात पांखरांकडे लक्ष ठेवितें. तीं वळलीं कीं तेंही वळतें. प्रत्येकाचे सहासात शेजारी, त्यांचे पुन्हा सहासात, असा धागा सर्व थव्यांतून जातो, आणि एका टोंकास ससाण्याची चाहूल लागली तर क्षणांत दुसरें टोंक सावध होतें. ज्या रोम शहरच्या मंडळीस पौलानें आपण सर्व एकमेकांचे अवयव आहों असें लिहिलें, त्याच शहराच्या आकाशांत देवानें हा धडा उघडा करून ठेविला आहे.

बंधुभगिनींनो, आपण सर्व जगावर प्रीति करण्याच्या गोष्टी पुष्कळ बोलतों, आणि शेजारच्या घरीं तीन दिवस चूल पेटली नाहीं हें आपणांस ठाऊक नसतें. नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत दूर असलेल्या भावापेक्षां जवळचा शेजारी बरा असें सांगितलें आहे. म्हणून प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानें आपल्या जवळचीं सहासात घरें देवापुढें नांव घेऊन मोजावीं. तीं कोण आजारी, कोणाचें मूल शाळेंतून राहिलें, कोणाच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आहे, हें पाहावें. जो माळ्यावर राखणीस बसला आहे व भक्तीस येऊं शकत नाहीं, त्याच्या जागीं शेजाऱ्यानें आळीपाळीनें एक संध्याकाळ बसावें, म्हणजे त्यालाही देवाच्या घरीं येतां येईल. एका उपदेशकाला पांच गांवें राखावयाचीं असतात. तो प्रत्येक दारीं रोज जाऊं शकत नाहीं. परंतु प्रत्येकानें सहासात घरें राखलीं, तर एकही घर राखणीवांचून राहणार नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भोरड्यांच्या रात्रीच्या वस्तींत साळुंक्याही येऊन बसतात. परदेशची व गांवची एकाच बाभळीवर रात्र काढतात. आणि आपल्या कित्येक मंडळ्यांत अजून बाप्तिस्म्यापूर्वींच्या जातीप्रमाणें बसण्याच्या जागा वेगळ्या आहेत, एकाच्या घरचें पाणी दुसरा घेत नाहीं, सोयरीक तर दूरच. ख्रिस्तानें आपल्या देहानें मधली भिंत पाडली असें पौल इफिसकरांस लिहितो. जी भिंत प्रभूनें आपल्या रक्तानें पाडली ती आपण मंदिरांत सतरंजीच्या दोन टोंकांनीं पुन्हा उभी करतों, ही लहान गोष्ट नव्हे. येत्या रविवारीं ज्याच्या शेजारीं आपण कधीं बसलों नाहीं त्याच्या शेजारीं बसावें. हें करावयास कोणत्याही ठरावाची गरज नाहीं.

तिसरी गोष्ट नांवाची, आणि ती विशेषेंकरून पाळक, उपदेशक व बायबलबाया ह्यांच्यासाठीं आहे. विद्वान लोक पांखरांना लॅटिन भाषेंत नांवें देतात. भोरडीचें तें नांव पास्टर रोझियस असें आहे. रोझियस म्हणजे गुलाबी, आणि पास्टर म्हणजे मेंढपाळ. जो शब्द आपल्या मंडळ्यांत पाळकासाठीं चालतो तोच हा. हें नांव पडलें तें ह्यासाठीं कीं, हें पांखरूं मेंढरांची संगत सोडीत नाहीं. धुळें, साक्री व शिंदखेडा ह्या बाजूस ठेलारी मेंढपाळांचे कळप चरत जातात, तेव्हां पाहावें : मेंढरांच्या पायांमुळें गवतांतील किडे उडतात, आणि पांखरें त्यांच्या पायांपाशीं चालत, कधीं पाठीवर बसत, कळपाबरोबर पुढें सरकतात. मेंढरें उन्हांत तर तींही उन्हांत; कळप पुढल्या शिवारांत गेला तर तींही तेथें.

ज्याला हें नांव मिळालें आहे त्यानें स्वतःस विचारावें : मी मेंढरांच्या बरोबर आहें कीं मेंढरांवर आहें? धुळ्याजळगांवच्या अनेक गांवांतून, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून, दसरा दिवाळीनंतर आपलीं पुष्कळ कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. कोणी गुजराथेंत जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे. नवराबायकोचा एक कोयता, फडाच्या कडेला पाचटाची खोपी, पहांटेच्या थंडींत मोळ्या बांधणें, आणि लेंकरें फडांतच. ज्या महिन्यांत परदेशचीं पांखरें खानदेशांत येऊन राहिलेलीं असतात, त्याच महिन्यांत खानदेशचीं लेंकरें परमुलखांत असतात. तीं गांवीं नाहींत म्हणून त्यांचीं नांवें हजेरीच्या वहींतून गेलीं काय? प्रभु म्हणाला कीं चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो. म्हणून प्रत्येक उपदेशकानें जाणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. तीं कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडावर आहेत हें लिहून ठेवावें. त्या भागांतील मंडळीस पत्र किंवा फोन करून कळवावें. आणि हंगामांत एकदां तरी, शक्य तर जवळच्या दोन मंडळ्यांनीं मिळून खर्च सोसून, त्या फडावर जाऊन त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी व लेंकरांच्या शाळेची चौकशी करावी. जाणाऱ्या कुटुंबांनींही एक नियम करावा : आपल्या टोळींत दोन विश्वासी घरें असलीं तरी संध्याकाळीं खोपीपुढें एकत्र बसून एक स्तोत्र व एक प्रार्थना चुकवूं नये. दोघांतिघांची सभाही प्रभूच्या उपस्थितीवांचून नसते, हें त्याचें वचन आहे.

जे घरीं राहिले त्यांनीं परत येणाऱ्यांची जागा राखून ठेवावी. नामी मवाबांतून रिकाम्या हातांनीं परतली, तेव्हां बेथलेहेमांत जवाची कापणी सुरू झाली होती, आणि तिच्याबरोबर आलेल्या परक्या रूथेला बवाजाच्या शेतांत सरवा वेंचावयास जागा मिळाली. आपल्या गांवीं परतणाऱ्या कुटुंबास काय मिळतें? पांच महिने देवळांत दिसला नाहीं म्हणून टोमणा मिळतो, कीं ताटांत भाकर व शेजारीं बसावयास जागा? थव्यांत उशिरा आलेल्या टोळीस कोणी बाहेर थांबवीत नाहीं. आकाशांत तिच्यासाठीं जागा होते, आणि ती आंत मिसळते.

शेवटीं एक सूचना. पांखरांची आपल्या वेळेशीं जी निष्ठा आहे ती त्यांच्या स्वभावांत घातलेली आहे. त्यांस निवड करावी लागत नाहीं. आपणांस निवड करावी लागते, आणि म्हणूनच आपल्या एकत्र येण्यास देवापुढें मोल आहे. प्रभु यरुशलेमेकडे पाहून म्हणाला कीं, कोंबडी जशी आपलीं पिलें पंखांखालीं घेते तसें तुझ्या लेंकरांस एकवटावें असें माझ्या मनांत कितीदां आलें. परंतु त्यांनींच तें नाकारलें. एकवटणारे पंख पसरलेले आहेत. वधस्तंभावर ते दोन्ही बाजूंस पसरले गेले, आणि ते अजून मिटले नाहींत. ज्यास यावयाचें आहे त्यानें दिवस मावळण्याआधीं यावें.

प्रार्थना करूं : हे स्वर्गांतील पित्या, तूं पांखरांस त्यांची वेळ शिकविलीस, आम्हांसही आमची वेळ ओळखावयास शिकीव. ज्यांचें पीक गेलें त्यांस आमच्या हातून भाकर दे, आणि देतांना आमचा हात आंखडूं देऊं नको. जे ऊसाच्या फडांत, वीटभट्टीवर व परमुलखांत आहेत त्यांस आपल्या पंखांखालीं राख, आणि सुखरूप घरीं आण. आमच्यांतील वेगळ्या बसण्याच्या जागा मोड. ज्यांस तूं मेंढपाळ म्हणविलेंस त्यांस मेंढरांच्या पायांपाशीं चालण्याची नम्रता दे. आणि आमच्या दिवसाची संध्याकाळ होईल तेव्हां आमच्यांतील कोणी एकटा अंधारांत राहूं नये, तर सर्व तुझ्या घरीं एकत्र सांपडोत. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.